भाताची रोपं पिवळी पडली? लोह टाकण्याआधी या चुका टाळा

भाताचं रोप पिवळं दिसलं की हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो. पहिली चूक इथेच होते. नत्र कमी पडलं तर रोप जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. लोह मात्र एकदा पानात गेलं की तिथून फारसं हलत नाही. त्यामुळे शेंड्याचं नवं पान पिवळं आणि खालची हिरवी, असं उलटं चित्र दिसतं. सुरुवातीला शिरा हिरव्या राहतात. पुढे अख्खं पान पांढरट होतं. (गंधक कमी पडलं तरी नवीच पानं फिकटतात, पण शिरांसकट.)

याहून मोठी चूक म्हणजे ‘जमिनीत लोहच नाही’ असं धरून चालणं. लोह बहुतेक मातीत भरपूर असतं. पण हवा खेळत्या मातीत ते फेरिक रूपात, म्हणजे जवळजवळ गंजासारखं पडून असतं, आणि सामू (मातीचा पीएच) वाढेल तसं पाण्यात विरघळेनासं होतं. अडचण साठ्याची नसते, ते उचलण्याची असते.

भाताच्या मुळांकडे लोह उचलायच्या दोन वाटा आहेत. पहिली सगळ्या गवतवर्गीय पिकांची. मूळ डीऑक्सिम्युजिनिक आम्ल बाहेर सोडतं, ते फेरिक लोहाला चिकटतं आणि मूळ ती जोडीच आत ओढून घेतं. जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ मध्ये ओट आणि भाताची मुळं धुतलेल्या पाण्यात लोह पकडणारे असे पदार्थ दाखवून दिले. पण भाताचा हात इथे आखडता. सातू त्याच्या कितीतरी पट आम्ल सोडतो. ही उणीव दुसरी वाट भरून काढते. चिखलातली हवा संपली की जिवाणू फेरिकचं फेरस लोह करतात, ते पाण्यात विरघळतं, आणि मुळातलं वाहक प्रथिन ते थेट आत घेतं.

पाणी तुटलं की ही दुसरी वाट बंद. म्हणूनच कोरड्या गादीवाफ्यावरची, पेरभातातली, चुनखडीच्या जमिनीतली रोपं आधी पिवळी पडतात, आणि तीच चिखलणी केलेल्या खाचरात गेली की पुष्कळदा खर्चाशिवाय हिरवी होतात. माझ्या मते फवारणीचा पंप काढण्याआधी वाफ्यात पाणी धरून बघावं.

चुनखडीच्या जमिनीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) फेकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. थोड्याच वेळात त्याचं पुन्हा फेरिक होतं. चिलेटेड लोह (दुसऱ्या पदार्थाने धरून विरघळतं ठेवलेलं लोह) घेतानाही धरणारा पदार्थ कोणता, ते डब्यावर वाचा: ईडीटीए साधारण ६.५ सामूपर्यंतच टिकतं, त्यापुढच्या जमिनीला ईडीडीएचए लागतं. शेणखत मुरवलेलं असेल तर जिवाणूंना खाद्य मिळतं आणि फेरस लोहही लवकर तयार होतं.

फवारणीच करायची तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि त्याची आम्लता मारायला २५ ग्रॅम चुन्याची निवळी. द्रावण ताजंच हवं. ठेवून तांबूस झालेलं ओतून द्या. भर उन्हात फवारू नका, पानं करपतात. एका फवारणीवर थांबणं हीसुद्धा चूकच, कारण नंतर फुटणाऱ्या पानाला त्यातलं लोह फारसं पोचत नाही. ८-१० दिवसांनी पुन्हा फवारा.

पानातल्या एकूण लोहाचा आकडाही फसवतो. पिवळ्या पानात तो कधी कधी हिरव्या पानाइतकाच निघतो, कारण आत आलेलं सगळंच लोह पानाच्या कामी येत नाही.

मुळांवरचा तांबडा लेप पाहून घाबरू नका. भात मुळांतून ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे फेरस लोह गंजून मुळावर बसतं. मुळं काळी आणि सडक्या अंड्याच्या वासाची असतील तर मात्र पाणी काढा. आम्लधर्मी, पाणी न हटणाऱ्या खाचरात जुन्या पानांच्या टोकाकडून तपकिरी ठिपके येऊ लागले, तर ते लोह जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं. तिथे हिराकस घातलं तर रोप आणखी खंगतं.