लॉस एंजेलिसमध्ये गाडी नसताना या चुका टाळा

लॉस एंजेलिसला निघालेली मुलं सगळ्यात महागात पडणारी चूक विमानात बसण्याआधीच करून ठेवतात. भाडं जरा कमी आणि ‘कॉलेजपासून फक्त चार मैल’, एवढ्यावर खोली पक्की होते. चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटर. आपल्याकडे हात केला की रिक्षा थांबते, तिथे तसं काही नाही. वाटेत बस बदलावी लागली आणि दुसरी चुकली, तर एवढ्याशा अंतराला तास सहज लागतो.

त्यामुळे खोली बघताना मैल मोजू नका. नकाशात त्या घराचा पत्ता टाका आणि निघायची वेळ रात्री साडेनऊची ठेवा. मास्टर्सचे बरेच तास संध्याकाळी असतात आणि नेमक्या त्याच वेळेला बस विरळ होतात. मग रविवार सकाळ टाकून बघा. दोन्ही वेळा एकाच बसने किंवा मेट्रोने, फार न थांबता घरी पोहोचता येत असेल, तर थोडं जास्त भाडं खुशाल द्या. उदाहरणार्थ, मेट्रोची ई लाइन यूएससी विद्यापीठाच्या दारावरून थेट सांता मोनिकाला जाते. अशा लाइनवरच्या स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर खोली मिळाली, तर अर्धी चिंता मिटते.

बसमध्ये रोख पैसे देऊ नका. ड्रायव्हर सुटे परत देत नाही, आणि रोख भाड्यावर पुढची बस फुकट मिळत नाही. टॅप कार्ड, म्हणजे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, घ्या. मेट्रोचं, म्हणजे शहरातल्या बस आणि ट्रेन चालवणाऱ्या संस्थेचं, भाडं १.७५ डॉलर, त्यात दोन तास बस-ट्रेन बदलता येते. दिवसाला ५ आणि आठवड्याला १८ डॉलर झाले की त्यापुढचा मेट्रोचा प्रवास मोफत. ही मर्यादा एकाच कार्डावर मोजली जाते, म्हणून कधी फोनमधलं, कधी प्लास्टिकचं कार्ड असं करू नका. कॉलेजचा सवलतीचा पास मिळतो का, हे मात्र पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

रस्ता ओलांडताना खांबावरचं बटण दाबायचं असतं, हे कुणी सांगत नाही. बऱ्याच चौकांत ते दाबल्याशिवाय चालायचा दिवा लागतच नाही. आणि दिवा लागला तरी उजवीकडे वळणाऱ्या गाडीकडे बघा. तिथे लाल दिव्यावर थांबून उजवीकडे वळायची मुभा असते, आणि वळणाऱ्याचं लक्ष डावीकडून येणाऱ्या गाड्यांवर असतं.

ओळखपत्र म्हणून रोज पासपोर्ट खिशात घेऊन फिरू नका. गाडी चालवत नसलात तरी डीएमव्हीकडून, म्हणजे तिथल्या आरटीओकडून, कॅलिफोर्नियाचं आयडी कार्ड काढता येतं. पण उतरल्या उतरल्या धावू नका. देशात येऊन किमान दहा दिवस होऊ द्या आणि कॉलेजने सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीत, तुमची नोंद सक्रिय केली आहे का, ते विचारून मगच जा. नाहीतर पडताळणी अडकते आणि दुसरी खेप पडते.

किराणा आणायला चाकांची ट्रॉली घ्या. आर्टिशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवरच्या भारतीय दुकानांत पोहे, गोडा मसाला शोधायला जाल, तर चौघांनी मिळून महिन्यातून एकदा जा. सायकल असेल तर बसच्या पुढच्या रॅकवर ती चढवायची एकदा रिकाम्या स्टॉपवर शिकून घ्या. मागे खोळंबलेली बस असताना हात थरथरतात.