दात कोणी काढला?

'मी काल दात काढला' असं आपण मराठीत सहज म्हणतो. काढला डॉक्टरांनी, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. पण वहीत 'आय रिमूव्ह्ड माय टूथ' लिहिलंत, तर तो तुम्ही स्वतःच्या हाताने उपटलात असा अर्थ होतो. मोठ्या वयात इंग्रजी शिकायला आलेल्यांच्या वह्या तपासताना ही चूक मला सतत भेटते. ती आळसातून येत नाही, मराठीच्या सवयीतून येते. म्हणून लिहिण्याआधी एकच विचारा: काम मी केलं, की करवून घेतलं?

करवून घेतलं असेल, तर शब्दांचा क्रम जपा. आधी 'हॅड', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप: 'आय हॅड माय वॉच रिपेअर्ड'. घड्याळ दुसऱ्याने दुरुस्त केलं. आता 'वॉच' शेवटी न्या: 'आय हॅड रिपेअर्ड माय वॉच'. शब्द तेच, पण आता दुरुस्ती तुम्ही केलीत, तीही आधीच. मी शिकणाऱ्यांना वस्तूच्या नावाभोवती पेन्सिलने गोल करायला सांगते. गोल मधे आला की काम दुसऱ्याचं.

करणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर मराठीचा कान वापरा, तो इथे फार उपयोगी पडतो. 'करायला लावलं' म्हणजे 'मेक', त्यात जबरदस्ती आहे. 'करू दिलं' म्हणजे 'लेट'. 'सांगून करवून घेतलं' म्हणजे 'हॅव', ज्याचं ते कामच आहे त्याच्यासाठी: 'आय हॅड द इलेक्ट्रिशियन चेक द वायरिंग'. आणि मनधरणी करावी लागली असेल तर 'गेट': 'आय गॉट माय ब्रदर टू चेक द वायरिंग'. यांत 'टू' फक्त 'गेट'ला लागतो. 'हेल्प'ला दोन्ही चालतं, त्याची काळजी नको.

आपल्याकडे 'करणे'चं 'करवणे' होतं, 'पडणे'चं 'पाडणे'. इंग्रजीतही अशा जोड्या होत्या, त्यांतल्या थोड्या उरल्यात. 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे मुळात बसवणे. 'फॉल' म्हणजे पडणे, आणि झाड पाडण्याला एफ-ई-एल-एल असं लिहिलं जाणारं 'फेल'. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा इंग्रजी एकदम जवळची वाटली होती! पण आज नवं क्रियापद असं घडवता येत नाही, म्हणून 'मेक', 'हॅव', 'गेट' लागतात.

एक खाच राहिली. 'दे मेड मी वेट' यात 'टू' नाही. तेच वाक्य 'मला थांबायला लावलं गेलं' असं फिरवलंत की तो परत येतो: 'आय वॉज मेड टू वेट'. 'लेट' मात्र असं फिरवू नका. तिथे 'आय वॉज अलाउड टू गो' म्हणा.