महापालिकेशी व्यवहार करताना या चुका टाळा

‘महापालिकेत अर्ज करून काही होत नाही’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की ते तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. प्रशासनाची दिरंगाई खरी आहे आणि तिचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. मात्र वाया गेलेले अनेक अर्ज बारकाईने पाहिले, तर ते चुकीच्या टेबलावर गेलेले असतात किंवा निर्णय होऊन गेल्यानंतर पोहोचलेले असतात. पुढील चुका टाळल्या, तर निदान हे दोन अडथळे दूर होतात.

नगरसेवकालाच प्रशासन समजणे

मुंबईचा कारभार १८८८ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार आणि राज्यातील इतर महापालिकांचा १९४९ च्या अधिनियमानुसार चालतो. दोन्हीकडे कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात आणि नगरसेवक धोरण, अंदाजपत्रक व देखरेख या बाजूने काम करतात. तुंबलेले गटार साफ करण्याचा आदेश नगरसेवक देऊ शकत नाही. तो अधिकाऱ्याकडे पाठपुरावा करू शकतो, एवढेच. म्हणून देखभालीची तक्रार क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयातील कनिष्ठ अभियंत्याकडे नेमकेपणाने नोंदवावी आणि नव्या कामाची मागणी नगरसेवकाकडे करावी. नगर परिषदेत हीच कार्यकारी जबाबदारी मुख्याधिकाऱ्यांची असते.

बहुसदस्यीय प्रभाग असलेल्या, म्हणजे एका प्रभागातून एकाहून अधिक नगरसेवक निवडून येणाऱ्या शहरांत ‘आपल्या’ एकाच नगरसेवकाला निवेदन देणे हीही एक चूक आहे. जागा वेगवेगळ्या असल्या तरी निवडून आलेले सर्व सदस्य संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात, त्यामुळे निवेदनाची प्रत सर्वांना द्यावी. २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि वेळेत निवडणुका न झाल्याने सभागृहाचे अधिकारही प्रशासकांकडे गेले. त्या काळात ज्यांची ओळख केवळ नगरसेवकापुरती होती, त्यांना दाद कोठे मागावी हेच उमगेना.

काही वेळा तर विषयच महापालिकेचा नसतो. रस्त्यावरचा बंद दिवा हा महापालिकेचा विषय असतो, पण घरातील वीजपुरवठा वीज कंपनीचा आणि वाहतुकीचे नियमन वाहतूक पोलिसांचे असते. शहरातून जाणारा एखादा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा प्रदेश विकास प्राधिकरणाकडेही असू शकतो. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे आधी विचारून घेतल्यास महिनाभराची पायपीट वाचते.

मोघम अर्ज करणे आणि पोच न घेणे

सर्वाधिक नुकसान या चुकीमुळे होते. ‘आमच्या भागात रस्ते, पाणी, कचरा या सर्वच बाबतीत दुर्लक्ष होत आहे’ असा अर्ज वाचणाऱ्याला मनापासून पटला, तरी तो कोणत्या विभागाकडे पाठवावा हे ठरवता येत नाही. रस्ते, पाणीपुरवठा आणि घनकचरा हे तीन स्वतंत्र विभाग आहेत. तेव्हा तीन स्वतंत्र अर्ज करावेत. प्रत्येक अर्जात नेमके ठिकाण असावे. बंद दिव्याबाबत खांबाचा क्रमांक, रस्त्याबाबत कोणत्या इमारतीपासून कोणत्या चौकापर्यंत, आणि पाण्याबाबत कोणत्या तारखेपासून किती वेळ पुरवठा होतो, हे लिहावे. सोबत तारीख असलेले छायाचित्र जोडावे आणि शेवटी नेमकी मागणी एका वाक्यात मांडावी.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून निघू नये. साहेबांशी तोंडी बोलणे झाले, त्यांनी करतो म्हटले, एवढ्यावर समाधान मानणारी माणसे मी फार पाहिली आहेत. त्या अधिकाऱ्याची बदली झाली की संपूर्ण विषय पुन्हा शून्यापासून सुरू होतो, कारण कागदावर काहीच नसते. ऑनलाइन तक्रार काम न होताच ‘निकाली’ दाखवली गेली, तर नवी तक्रार करताना जुना क्रमांक आणि त्या दिवशीचे छायाचित्र अवश्य द्यावे. तरीही दखल घेतली गेली नाही, तर उपअभियंता, कार्यकारी अभियंता, सहायक आयुक्त अशा क्रमाने वर जावे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात आयुक्तांसमोर विषय मांडता येतो, मात्र त्यासाठी १५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो आणि खालच्या पातळीवर पाठपुरावा केल्याचे कागद तेथे उपयोगी पडतात.

अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर मागणी करणे

एप्रिल-मे महिन्यात नव्या पदपथाची मागणी केली, तर ‘तरतूद नाही’ हे उत्तर बहुधा खरेच असते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्याआधी आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात बदल सुचवते आणि मग सर्वसाधारण सभा त्याला मंजुरी देते. त्याही आधी विभागांकडून कामांच्या याद्या मागवल्या जातात. म्हणून नव्या कामाची मागणी दिवाळीपूर्वी पोहोचलेली बरी. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांचा समावेश करण्याची पद्धत सुरू केली. तिचे अर्जही वर्ष सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी मागवले जातात.

हीच गत जाहीर सूचनांची होते. विकास आराखडा किंवा प्रभाग रचना प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध झाली, की हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत असते आणि ती टळल्यानंतरचा संताप कोणत्याही नस्तीत (फाइलमध्ये) नोंदला जात नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या प्रारूप विकास आराखड्यातील चुकांवर नागरिकांनी मोठ्या संख्येने हरकती घेतल्या आणि राज्य शासनाने तो आराखडा नव्याने दुरुस्त करण्यास सांगितले. हरकत घेताना ‘आमचा विरोध आहे’ एवढेच न लिहिता भूखंड क्रमांक, त्या जागेवरील आरक्षणाचा प्रकार आणि अपेक्षित बदल लिहावा. सुनावणीचे पत्र आले, तर स्वतः हजर राहावे.

माहिती अधिकारात जाब विचारणे

‘आमचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ हा प्रश्न रास्त असला, तरी माहिती अधिकाराच्या अर्जात तो निष्फळ ठरतो. २००५ च्या कायद्याने उपलब्ध अभिलेख मिळतो, अधिकाऱ्याकडून स्पष्टीकरण किंवा मत मिळत नाही. त्याऐवजी त्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अदा केलेली देयके आणि दोष दायित्व कालावधीची अट यांच्या प्रती मागाव्यात. हा कालावधी संपला नसेल, तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करणे अपेक्षित असते आणि तेव्हा तुमची मागणी विनंती न राहता कराराच्या अंमलबजावणीची होते. महाराष्ट्रात अर्ज साधारणपणे एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. ही अपिलाची मुदत अनेकांच्या हातून निसटते.

मतदार यादीकडे निवडणूक आल्यावरच पाहणे

महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, परंतु तो स्वतंत्र मतदार यादी तयार करत नाही. विधानसभेची यादीच प्रभागनिहाय विभागली जाते. त्यामुळे विधानसभा यादीत नाव नसेल, तर प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेऊन ते समाविष्ट होत नाही; तेथे चुकीच्या प्रभागात गेलेले किंवा विभागणीत गळलेले नावच दुरुस्त होते. घर बदलले असेल, तर नमुना ८ आणि नव्याने नोंदणी करायची असेल, तर नमुना ६ निवडणुकीची चाहूल लागण्याच्या कितीतरी आधी भरावा, आणि काही आठवड्यांनी यादीत नाव खरोखर आले आहे का, हे भाग क्रमांकासह पाहून घ्यावे.