सोर्समधून ब्लूझ कंपाइल करताय? या चुका टाळा

ब्लूझ म्हणजे लिनक्समध्ये ब्लूटूथ चालवणारं सॉफ्टवेअर. ते सोर्समधून (मूळ कोडमधून) स्वतः कंपाइल करायच्या आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघा. 'ब्लूटूथसीटीएल लिस्ट' दिल्यावर काहीच आलं नाही, तर संगणकाचा ब्लूटूथ ॲडॉप्टरच सापडलेला नाही. मग 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींमध्ये) फर्मवेअर, म्हणजे ॲडॉप्टरच्या आत चालणारा प्रोग्राम, लोड न झाल्याची ओळ शोधा. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, फर्मवेअरचं पॅकेज वेगळं असतं. अशा वेळी ब्लूझ कितीही नवं घातलं तरी फरक पडणार नाही.

खरा घोळ होतो तो 'कॉन्फिगर'च्या ओळीत, म्हणजे कंपाइल करण्याआधी कोणती फाइल कुठे जाणार हे ठरवणाऱ्या कमांडमध्ये. बरेच जण फक्त '--प्रिफिक्स=/यूएसआर' देतात आणि पुढे जातात. इन्स्टॉल बिनतक्रार होतं, पण हेडफोन, माउस, कीबोर्ड सगळ्यांचं पेअरिंग गायब! लोक घाबरून एकेक उपकरण पुन्हा जोडायला बसतात. कृपया तसं करू नका. पेअरिंगच्या 'की' (जोडणीचे गुप्त कोड) '/व्हार/लिब/ब्लूटूथ'मध्ये जशाच्या तशा आहेत, फक्त नवं ब्लूझ त्या '/यूएसआर/व्हार/लिब/ब्लूटूथ'मध्ये शोधतंय. '--लोकलस्टेटडिर=/व्हार' आणि '--सिसकॉन्फडिर=/ईटीसी' जोडून पुन्हा कंपाइल करा, जुनी उपकरणं परत दिसतील. तरीही सुरुवातीलाच '/व्हार/लिब/ब्लूटूथ' फोल्डरची एक प्रत काढून ठेवलेली बरी.

दुसरी फसगत व्हर्जनची. उबुंटू 22.04 मध्ये ब्लूझ 5.64 येतं आणि त्याचा डीमन (मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम) '/यूएसआर/लिब/ब्लूटूथ'मध्ये असतो. तुमचा नवा डीमन मात्र '/यूएसआर/लिबएक्झेक/ब्लूटूथ'मध्ये जातो. 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' न देता नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केली, तर जुनाच डीमन चालू राहू शकतो. 'ब्लूटूथसीटीएल' स्वतःचं व्हर्जन सांगतं, डीमनचं नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. 'सिस्टमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ'मध्ये मेन पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) या ओळीखाली चालू डीमनचा पूर्ण पाथ दिसतो. तोच पाथ '-व्ही' लावून चालवा.

'कॉन्फिगर' डी-बस, रीडलाइन किंवा आयकॅल ही लायब्ररी नाही म्हणून थांबलं, तर त्या लायब्ररीचं '-डेव्ह' पॅकेज लागतं, फेडोरावर '-डेव्हल'. टारबॉल (सोर्सची तयार संकुचित फाइल) न घेता गिटवरून सोर्स घेतला असेल तर आधी 'बूटस्ट्रॅप' चालवा. 'एचसीआयटूल' हे ब्लूझचं जुनं टूल वापरणारी स्क्रिप्ट असेल तर '--एनेबल-डेप्रिकेटेड' विसरू नका, नाहीतर ते टूल बिल्डच होत नाही.

सगळं जमल्यावर 'एपीटी-मार्क होल्ड ब्लूझ' द्या, नाहीतर पुढच्या अपग्रेडमध्ये एपीटी (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) तुमच्या फाइलींवर स्वतःच्या फाइली लिहील. होल्ड लावलं की ब्लूझसाठीचे डिस्ट्रोचे (उबुंटूसारख्या लिनक्स वितरणाचे) सुरक्षा अपडेट मात्र थांबतात. तेव्हा नवी आवृत्ती आली की चेंजलॉग (बदलांची यादी) वाचायचं आणि पुन्हा बिल्ड करायचं काम तुमच्याकडे.