एचपीव्ही चाचणीत ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी

डीएमएलटी किंवा मायक्रोबायोलॉजी करून मॉलिक्युलर लॅबमध्ये नव्याने येणारी पोरं एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणाऱ्या विषाणूच्या, पॉझिटिव्ह रिपोर्टला फार घाबरतात. मला विचाराल तर जास्त जपायचं ते निगेटिव्हला. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. त्या बाईची पुढे कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) होते, गरज पडली तर बायॉप्सी होते, आपलं काही चुकलं असेल तर तिथे कळतं. निगेटिव्ह बाई घरी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार तिची पुढची चाचणी ५ ते १० वर्षांनी.

एवढा भरवसा या चाचणीवर ठेवता येतो, हे आपल्या मराठवाड्यातल्या बायकांमुळेच जगाला कळलं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. आणि चाचणी निगेटिव्ह आलेल्यांपैकी त्या काळात या कॅन्सरने एकही बाई गेली नाही.

तिथे विषाणूचा डीएनए शोधायला हायब्रिड कॅप्चर पद्धत होती. आज बहुतेक ठिकाणी रिअल टाइम पीसीआर आहे, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवत त्या वाढीची रेषा पडद्यावर दाखवणारी पद्धत. अनेक किट्स विषाणूचे १४ प्रकार शोधतात. त्यातले १६ आणि १८ वेगळे दाखवतात, कारण या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेस या दोघांमुळेच होतात.

आता मुख्य गोष्ट. विषाणूची रेषा सपाट दिसली की लगेच निगेटिव्ह लिहू नका, आधी इंटर्नल कंट्रोल, म्हणजे त्याच नळीत चाचणी नीट चालली का हे दाखवणारा सिग्नल, बघा. तोही उठला नसेल तर रिपोर्ट इनव्हॅलिड, म्हणजे ना पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह. किटच्या पत्रकात तो कंट्रोल कशाचा आहे हेही वाचा. बीटा-ग्लोबिनसारखं मानवी जनुक असेल तर नमुन्यात पेशी आल्या होत्या याची खात्री मिळते. बाहेरून घातलेला डीएनए असेल तर रक्ताने किंवा चिकट स्रावाने पीसीआर अडला नाही एवढंच कळतं. ब्रशवर पेशी आल्याच नसतील तरी तो छान उठतो. हा फरक वर्गात क्वचितच कुणी सांगतं.

सीटी व्हॅल्यूवरून (कितव्या फेरीला रेषा उठली तो आकडा) आजार किती वाढलाय ते सांगायला जाऊ नका; ती त्यासाठी नाही. मास्टर मिक्सच्या (पीसीआरची रसायनं मिसळायच्या) खोलीतून पुढे गेलात की त्याच अॅप्रनवर मागे फिरू नका. प्रत्येक रनला नो-टेम्प्लेट कंट्रोल, म्हणजे नमुना न घातलेली नळी, हवाच; ती उठली तर कुठूनतरी डीएनए मिसळलाय. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो, म्हणून नमुन्यांच्या बाटल्या कशा आल्या ते विचारा आणि पत्रकातल्या तापमानाशी ताडून बघा.

इनव्हॅलिड आलं तर रिपोर्टवर नुसतं ‘पुन्हा पाठवा’ लिहू नका. पेशी कमी होत्या की पीसीआर अडला, ते लिहा आणि उपकेंद्राला फोन करा. रोजंदारी बुडवून आलेल्या बाईला पुन्हा बोलावलं की ती आधी धसकाच घेते. नमुना नीट आला नव्हता म्हणून बोलावलंय, तुम्हाला काही निघालं म्हणून नव्हे, असं आशाताईंना तिच्या दारात ठामपणे सांगता आलं पाहिजे.