राउटरवर क्यूओएस लावूनही गेम आणि कॉल अडकतात? या चुका टाळा

चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून आमच्या घरची मंडळी संध्याकाळी मंगळवार पेठेत परतली, चार मोबाईल वायफायला जोडले गेले आणि थोड्याच वेळात माडीवर ऑनलाइन मुलाखत देत बसलेल्या धाकट्या भावाचा आवाज तुटू लागला. कोणी सिनेमा पाहत नव्हते की गेम खेळत नव्हते. गुलालाने माखलेल्या त्या मोबाईलमधले दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ मात्र क्लाउडवर चढत होते. कोणत्या वाहतुकीला आधी वाट द्यायची हे ठरवणारी क्यूओएस ही सोय मी राउटरवर महिनाभर आधीच चालू केली होती आणि भावाच्या लॅपटॉपला सर्वांत वरचे प्राधान्यही दिले होते. तरीही तिचा उपयोग झाला नाही, कारण वेगाची मर्यादा भरण्याचा रकाना मी रिकामा सोडला होता.

हीच सर्वांत मोठी चूक आहे. प्राधान्य रांगेतच देता येते, आणि रांग जिथे वाट सर्वांत अरुंद असते तिथे लागते. राउटरपासून फायबरच्या डब्यापर्यंतची वायर १००० एमबीपीएसची असते, पुढे अपलोड मात्र आमच्याकडे जेमतेम २० एमबीपीएस मिळतो. त्यामुळे राउटर आलेला सगळा माल लगेच पुढे ढकलतो आणि रांग त्या डब्यात साचते, जिथे आपले नियम चालत नाहीत. ऊस हंगामात गावच्या वेशीवरून एखादी ट्रॉली आधी सोडली, तरी कारखान्याच्या काट्यापुढे रांग असेल तर तिला शेपटालाच उभे राहावे लागते, तसाच हा प्रकार आहे. २० एमबीपीएसच्या लाइनवर १ एमबी माल साचला, तर मागून आलेल्या आवाजाच्या पॅकेटला, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याला, सुमारे ०.४ सेकंद थांबावे लागते. या दोषालाच बफरब्लोट म्हणतात.

म्हणून आधी लॅपटॉप वायरने जोडून सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास अपलोड व डाउनलोडचा वेग मोजावा, दोन्हींसाठी वेगवेगळा, सकाळ-रात्रीतला कमी आकडा धरावा आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा राउटरमध्ये भरावी. २० असेल तर १७ किंवा १८. प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा भरू नये, कारण मर्यादा खऱ्या वेगापेक्षा जास्त असेल तर ती नसल्यासारखीच असते. एककही नीट पाहावे: रकाना केबीपीएसचा असेल तर १८ नव्हे, १८००० लिहावे लागते, नाहीतर घरातले इंटरनेट जवळजवळ बंद पडते.

नंतर स्पीड टेस्टचा आकडा थोडा उतरलेला पाहून अनेक जण सोय बंद करून टाकतात, हे मला फार चुकीचे वाटते. हा थोडा वेग मुद्दाम सोडलेला असतो. तपासायचे असते ते वेगळेच: उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी ‘पिंग’ ही आज्ञा गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर सतत चालू ठेवावी, एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावावा आणि आकडे पाहावेत. एरवी १५ मिलिसेकंद असणारे उत्तर अपलोडच्या वेळी ३०० वर जात असेल, तर मर्यादा आणखी १ एमबीपीएसने उतरवून पुन्हा पाहावे. काहीच फरक पडत नसेल, तर राउटरमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन तपासावे. अनेक राउटरांत ते चालू असताना पॅकेट क्यूओएसला वगळून थेट पुढे जातात.

टीव्ही, मोबाईल, लॅपटॉप अशा सगळ्यांनाच वरचे प्राधान्य देऊ नये. सगळेच मानकरी झाले की पालखी पुढे सरकत नाही. राउटरमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक हा पर्याय असेल, तर हाताने याद्या करण्यापेक्षा तोच निवडावा. तो प्रत्येक संवादाची रांग वेगळी ठेवतो आणि आवाज किंवा गेमसारख्या तुरळक पॅकेटांना आपोआप लवकर सोडतो. यादीच करायची असेल, तर २०१९ च्या अँड्रॉइड १० आणि २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाईल वायफायला बदललेला मॅक पत्ता, म्हणजे राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक, देतात हे ध्यानात ठेवावे, म्हणजे नियम का लागू होत नाही हे कोडे पडणार नाही.

जुन्या वाड्यांत आणखी एक गफलत होते. दोष जाड भिंतींपलीकडच्या वायफायमध्ये असतो आणि उपाय क्यूओएसवर चालतो, म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. राउटरच्याच पत्त्यावर पिंग करून पाहावे, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१, तिथेच आकडे उड्या मारत असतील तर मध्ये जाड भिंत नसल्यास ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, राउटर मोकळ्या जागी आणावा किंवा सरळ वायर ओढावी. डब्ल्यूएमएम ही वायफायमधली प्राधान्याची सोय मात्र बंद करू नये, कारण तिच्याविना ८०२.११एन वायफायचा वेग ५४ एमबीपीएसपर्यंत खाली येतो.

एवढे करूनही, घरात दुसरे कोणतेच उपकरण चालू नसताना वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर पिंग चढलेलाच राहत असेल, तर बिघाड घराबाहेर आहे असे समजावे आणि सकाळ-रात्रीचे आकडे वेळेसह लिहून लाइन देणाऱ्यांकडे तक्रार नोंदवावी.