जुनी लक्झरी गाडी घेताय? इंजिनाच्या बाबतीत या चुका टाळा

मीटरवर किलोमीटर कमी दिसले की गिऱ्हाईक निम्मं पटलेलं असतं. पहिली चूक इथेच होते. पंधरा वर्षांत जेमतेम ४० हजार किलोमीटर चाललेली गाडी बहुतेकदा जवळच्या जवळ फिरलेली असते. इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये ओलावा आणि न जळलेलं इंधन उतरत राहतं. दीड लाख चाललेली, पण बहुतेक हायवेवर आणि ऑइल वेळेवर बदललेली गाडी मी आधी बघेन.

दुसरी चूक, तापलेलं इंजिन ऐकणं. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर पुन्हा कधीतरी या. थंड इंजिन सुरू होताना खडखड आली तर टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी) किंवा टेन्शनरवर (ती ताणून धरणारा भाग) संशय घ्या. 'या गाड्यांना एवढा आवाज असतोच' हे ऐकून घेऊ नका. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये ही चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे पार्ट स्वस्त असला तरी मजुरी घाम फोडते. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या एम२७२ इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) गिअर लवकर झिजायचा. तिथे इंजिन नंबर तपासूनच पुढे बोला.

धूरही बघा. दहा मिनिटं आयडलवर ठेवून रेस दिल्यावर निळा लोट निघाला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हमधून ऑइल आत गळू न देणारे) गेलेत. चढावर निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा टर्बो खराब असू शकतो. थंडीतली पांढरी वाफ लगेच विरते, तिला घाबरू नका.

सर्व्हिस बुकातले शिक्के पूर्ण आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. लाँगलाइफ ऑइलच्या नावाखाली काही गाड्यांना ऑइल बदलण्यासाठी ३० हजार किलोमीटरपर्यंतचं अंतर दिलेलं असतं. म्हणजे लाखभर किलोमीटरमध्ये ऑइल तीनदाच बदललेलं, आणि पुस्तक मात्र चोख! शिक्के सोडा, बिलं मागा. दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइलचा टॉप-अप (वरून भर) किती लागतो तेही विचारा. २०१०च्या आसपासच्या ऑडीच्या २.० टीएफएसआय इंजिनांची ऑइल पिण्याबद्दल ख्याती आहे. पिस्टन-रिंग बदलल्याचा कागद असेल तर उत्तमच.

डिपस्टिकवरचं सोनेरी ऑइल बघून खूश होऊ नका, विशेषतः डिझेलमध्ये. ते कालच बदललंय एवढाच त्याचा अर्थ. स्कॅनर लावल्यावर बिघाडाचा एकही कोड नाही, पण रेडिनेस (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या झाल्या का ते) 'अपूर्ण' दिसतोय? मग कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. आठवडाभर गाडी रस्त्यावर फिरू द्या आणि परत स्कॅन करा. शेवटी आपल्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो आणि टिकतो का ते बघणारी) करून घ्या. विक्रेता त्याला नाही म्हणाला, तर टोकन देऊ नका.